आत्याची रात्रपाळी

तेराव्याच्या गोडाच्या जेवणानंतर, माणसं पांगायच्या आधी, एक दूरचे नातेवाईक आत्याबद्दल चार शब्द बोलायला उभे राहिले. चाराचे चाळीस झाले. "ताईंनी भावांसाठी आयुष्य वेचलं. लग्न केलं नाही, संसार मांडला नाही. दिव्यासारख्या जळल्या." बायकांच्या घोळक्यात दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. मी पाण्याचे पेले गोळा करत होते, त्यातला एक जरा जोरात आपटला गेला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी किंचित हलवली. नको. म्हणून तिथे गप्प बसले. इथे बसत नाही.

माझी आत्या जळलीबिळली नाही. ती ८८ वर्षं जगली. त्यातली ३८ वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. आणि तिला जे आवडायचं, त्यातलं बरंचसं तिनं केलं.

बाबा आणि भाऊकाका तिला ताई म्हणायचे म्हणून ती आमची ताईआत्या. मुगभाटातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, समोर सामाईक गॅलरी. तिथे ती १९३७ साली जन्मली आणि तिथूनच गेली. मधल्या काळात बाबा मुलुंडला आले, भाऊकाका बोरिवलीला. दोघांनीही तिला "आमच्याकडे ये" म्हणून पाहिलं. ती यायची, रविवारी. संध्याकाळी पाच चाळीसची लोकल पकडून परत जायची. एकदा आईनं फार आग्रह केला तेव्हा म्हणाली, "अगं, तुमच्याकडे झोप लागत नाही. फार शांत आहे."

आत्या-मावशांच्या आठवणी निघाल्या की गाडी त्यांच्या हातच्या चवीवर येतेच. आमच्या आत्याला स्वयंपाक येत नव्हता. सीकेपी घरात हे म्हणजे जवळजवळ पोलिसात देण्यासारखं. आजी होती तोवर आजी करायची, नंतर आत्यानं खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे डबा लावला तो शेवटपर्यंत. चहा तेवढा करायची, तोही उकळून काळा. आई म्हणायची, "ताईंचा चहा म्हणजे शाई."

पण वाल सोलावेत तर तिनं. रविवारी बिरडं ठरलेलं असायचं. भिजवून मोड आणलेले वाल आई कोमट पाण्यात घालून परात आत्यापुढे सरकवायची. आम्ही दोघी बहिणी दहा दाणे सोलेपर्यंत तिची मूठभर डाळिंबी झालेली असायची. एकही दाणा मोडलेला नाही. नजर परातीवर नसायचीच, खिडकीबाहेर कुठेतरी. "बोटांना सवय आहे," म्हणायची. ती सवय कसली ते एकदा तिनं मला करून दाखवलं. तांदळाची रोवळी भिंतीला टेकवून उभी केली. आईच्या परकराच्या दोन नाड्या घेतल्या. "हा बोर्ड. ही भोकं म्हणजे लाइनी. इथं दिवा लागला की ही दोरी आत. बोला. कुठं हवंय? सातारा. मग ही दुसरी दोरी साताऱ्याच्या भोकात. लागलं? लागलं. आता आपण बाजूला." आणि ती खरोखरच हात मांडीवर घेऊन बाजूला झाली. रोवळीत दोन नाड्या लोंबत राहिल्या. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. मला वाटलं जगातली सगळी कामं अशीच असतात, दोन टोकं जोडायची आणि गप्प बसायचं.

ट्रंक कॉल म्हणजे काय हे आता पन्नाशीच्या आतल्या माणसाला समजावून सांगावं लागतं. परगावी फोन थेट लागायचा नाही. आधी बुक करायचा. ऑपरेटर तिकिटावर नोंद करायची, मग तुम्ही घरी किंवा पोस्टात ताटकळत बसायचं, लाइन मिळाली की ती उलट फोन करून जोडून द्यायची. साधा कॉल असेल तर अर्धा दिवसही जायचा. अर्जंट असेल तर लवकर. आणि लाइटनिंग म्हणजे सगळ्यांच्या पुढे, पण दर साध्याच्या आठपट. ठरावीक माणूस फोनवर आला तरच बोलायचं असेल तर पी. पी. कॉल, म्हणजे पर्टिक्युलर पर्सन. (शेजाऱ्यांचा नंबर आपल्या कार्डावर छापून पुढे 'पी. पी.' लिहायचे ते वेगळं. आमच्या चाळीत एकच फोन होता, तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे, आणि चाळीस बिऱ्हाडांचे ते पी. पी. होते. टेलिफोन खात्यात नोकरी करणाऱ्या आत्याच्या घरी कित्येक वर्षं फोन नव्हता, हा चाळीतला कायमचा विनोद.)

आणि सगळं मोजायचं ते तीन मिनिटांच्या मापानं. तीन मिनिटं होत आली की ऑपरेटर मध्ये येऊन विचारणार, "थ्री मिनिट्स. एक्स्टेंड करायचं?" माणसं त्या आवाजाला इतकी घाबरायची की पहिलं मिनिट "हॅलो, ऐकू येतंय का"मध्ये आणि शेवटचं "आता ठेव, पैसे होतील"मध्ये जायचं. आत्याचं म्हणणं, मधल्या एका मिनिटात महाराष्ट्रातले सगळे जन्म, मृत्यू, लग्नं आणि ॲडमिशनं उरकायची.

त्या मापानं तिचं स्वतःचं बोलणंही घडलं होतं. तिच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे आधी कागदावर मुद्दे काढल्यासारखं बोलायचं. ती उगाच "बाकी काय म्हणतेस" म्हणणार नाही. तीन मिनिटं झाली की "बरं, ठेवते" आणि खट्. माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री मी रडत फोन केला होता, तेव्हाही साडेतीनच झाली. तेवढ्यात तिनं मला एकच गोष्ट विचारली होती: "पगार स्वतःच्या खात्यात जमा होतो ना तुझा?" होतो म्हटलं. "मग झोप आता."

ती नोकरीला लागली १९५७ साली, विसाव्या वर्षी. आजोबा एका गिरणीच्या हापिसात कारकून. मुलगी मॅट्रिक होऊन टेलिफोनमध्ये लागली याचा त्यांना अभिमान होता आणि तिला रात्रपाळी पडते याची लाज. चाळीत रात्री साडेनवाला पर्स घेऊन जिना उतरणारी मुलगी म्हणजे गॅलरीतल्या प्रत्येक कठड्याला काम. पहिले दोन महिने आजोबा तिच्या चार पावलं मागून धोबीतलावापर्यंत चालत जायचे. सोबत नाही, मागून. आपण कुणाच्या सोबतीला निघालोय हे चाळीला दिसू नये म्हणून. एका रात्री मेट्रो सिनेमाच्या कोपऱ्यावर ती थांबली, वळली आणि म्हणाली, "अप्पा, तुम्ही मागून आलात की लोक तुमच्याकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. एकटी गेले तर कुणी बघत नाही." आजोबा तिथूनच परत फिरले. हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात विजय नव्हता. "त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला होता," म्हणाली. "तसेच फरपटत गेले बिचारे."

दोन वर्षांनी आजोबा गेले. आत्या बावीसची, बाबा सतराचे, भाऊकाका चौदाचे. त्यागाची गोष्ट सुरू होते ती इथून, आणि इथवर ती खरी आहे. घर तिच्या पगारावर चाललं. बाबांचं इंजिनीअरिंग, काकांचं बी. कॉम. तिच्या पैशातून झालं. मात्र पुढचा भाग कुणी सांगत नाही. तो बाबांनी सांगितला, तोही त्यांची सत्तरी उलटल्यावर, जरा लाजतच.

ते कर्ज होतं. आत्यानं दोन वह्या घातल्या होत्या, एक बाबांच्या नावाची, एक काकांच्या. फी, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान, एकदा चष्मा, सगळं तारखेसकट. जेवणखाण त्यात धरलेलं नव्हतं. "ते आईच्या घरचं, त्याचा हिशोब नाही," असं तिचं तत्त्व. नोकरी लागल्यावर दोघांनी दरमहा फेडायचं, आणि पैसे पोस्टात ठेवले असते तर जेवढं व्याज पडलं असतं तेवढं व्याज. बाबांचा शेवटचा हप्ता १९७४ साली गेला. तिनं वहीवर आडवी रेघ मारली, खाली सही केली, बाबांची सही घेतली आणि वही त्यांच्या हातात दिली. काकांना वेळ लागला. मध्ये त्यांचं लग्न आलं, तेव्हा तिनं सहा महिन्यांची सवलत दिली. सवलत, माफी नाही.

आईला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "सख्ख्या भावाकडून व्याज?" बाबा म्हणाले, "म्हणूनच तर तिच्यासमोर आम्ही कधी मान खाली घालून बसलो नाही." मला हे वाक्य फार आवडलं होतं. आपल्याकडे घरासाठी झिजलेल्या बायकांच्या आरत्या मोठ्यानं म्हटल्या जातात, त्यांचे पैसे कुणी परत करत नाही. इथे पैसे परत गेले होते. आरती तेवढी चुकीच्या पत्त्यावर चालू होती.

त्या पैशांचं तिनं काय केलं? मजा केली. तिकिटं काढून उत्तर हिंदुस्तान बघितला, दोनदा, एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींबरोबर. त्या बोर्डावर तेव्हा पारशी, गोवन ख्रिश्चन, अँग्लो-इंडियन मुली बऱ्याच होत्या. आत्याचं इंग्रजी त्यांच्यात राहून झालेलं, त्यामुळे त्यात 'मेन' आणि 'नो' सढळ असायचं. साहित्य संघात नाटक लागलं की शेवटच्या रांगेतलं एक तिकीट. एकटीचं. मधल्या सुट्टीत बटाटेवडा. चिरा बाजारात मासळी घेणार नाही (करणार कोण?), पण रोज एक फेरी मारून भाव विचारणार आणि मुलुंडला फोन करून आईला सांगणार, "आज पापलेट महाग आहे, घेऊ नकोस." हा फोन दहा सेकंदांचा.

आणि इराणी.

हे मला माहीत आहे कारण मी एकदा तिच्याबरोबर गेले. १९७९ची मे महिन्याची सुट्टी. मी अकरा वर्षांची, आजीकडे राहायला आलेली. आत्याची रात्रपाळी संपायच्या वेळी भाऊकाकांनी मला फोर्टात एक्स्चेंजच्या फाटकाशी आणून सोडलं आणि ते कामावर गेले. आतून बायकांचा एक लोंढा बाहेर आला, जांभया देत, पर्समधली फणी काढत, मोठमोठ्यानं हसत. त्यात आत्या होती. ती हसत होती. घरात तिला मी अशी हसताना पाहिलेलीच नव्हती.

आम्ही चालत निघालो. क्रॉस मैदान एका हाताला, आझाद मैदान दुसऱ्या हाताला, मधल्या रस्त्यानं मेट्रोपर्यंत. सकाळची सात-सव्वासातची वेळ. स्टेशनांकडून हापिसांकडे माणसं धावत येताहेत आणि आम्ही दोघीच उलट्या दिशेनं, रमतगमत. "बघ," ती म्हणाली, "यांचा दिवस आत्ता लागतोय. आपला झाला सुद्धा." धोबीतलावाला आम्ही क्यानीमध्ये शिरलो. हे १९०४ सालचं हॉटेल, अजून आहे. काळसर लाकडाच्या खुर्च्या, बिस्किटांच्या बरण्या, पावाचा वास. इराण्यांकडे त्या काळी बायकांसाठी फॅमिली रूम म्हणून पार्टिशन घातलेली जागा असायची, आणि एकटीदुकटी बाई आली की तिला तिकडे वळवायचे. आत्या बाहेर बसायची. दाराकडे तोंड करून, जिथून रस्ता दिसतो त्या टेबलाशी. वेटरनं न विचारता बन मस्का आणि चहा आणून ठेवला. माझ्यासाठी मावा केक. तिनं चपलेतून पाय काढून गार फरशीवर ठेवले, बन चहात बुडवला आणि डोळे मिटले.

मी विचारलं, "आत्या, तुला रात्रीचं काम करावं लागतं त्याचं वाईट वाटत नाही?" घरात मोठी माणसं असंच म्हणायची, बिचारीला रात्रीची कामं करावी लागतात. तिनं डोळे उघडले. "मला रात्रपाळी आवडते," म्हणाली. "दिवसा नुसता कलकलाट. रात्री माणूस फोन करतो तो खरंच बोलायचं असतं म्हणून करतो."

मी मोठी झाल्यावर तिनं उरलेलं सांगितलं. १९६४च्या सुमाराला एक स्थळ आलं होतं. पुण्याचे लोक, मुलगा चांगला, शिकलेला. त्याची नोकरीला ना नव्हती. फक्त रात्रपाळी सोडा, दिवसाची बदली मागून घ्या. एवढंच. आजी देव पाण्यात घालून बसली. आत्यानं दोन दिवस मागून घेतले आणि नाही म्हणून कळवलं. घरात कारण सांगितलं भावांचं शिक्षण. "ते कारण सगळ्यांना पटतं ना," ती मला म्हणाली. "रात्रपाळी आवडते म्हणून लग्न मोडलं म्हटलं असतं तर मला ठाण्याला नेऊन ठेवलं असतं." ठाणे म्हणजे वेड्यांचं हॉस्पिटल, आमच्या चाळीच्या भाषेत.

म्हणजे त्यागाची गोष्ट तिनंच रचून दिली होती. छत्री द्यावी तशी. तिच्याखाली ती आयुष्यभर कोरडी राहिली. मग त्या नातेवाइकांचा तरी काय दोष? पेला आपटताना मला हे सुचलं नव्हतं, आता लिहिताना सुचतंय. तरी दिव्यासारख्या जळल्या हे जास्तच झालं.

रात्रीच्या बोर्डावरच्या गोष्टी तिनं फार सांगितल्या नाहीत. कॉल ऐकायचे नसतात, हा नियम. "तू ऐकायचीस का गं?" मी विचारायचे. "लाइन नीट लागली का बघायला कान द्यावाच लागतो. त्यात पडलं ते पडलं." पडलेल्यातलं तिनं फारच थोडं बाहेर काढलं.

एक कोयनेच्या भूकंपाची रात्र. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. मुंबईतही जमीन हलली होती. ती बोर्डावर होती. ती वेळ एरवी एवढी सामसूम की मुली आळीपाळीनं डुलकी काढायच्या. खुर्ची सरकल्यासारखी वाटली, पाण्याचा ग्लास थरथरला, आणि दोन मिनिटांत पूर्ण बोर्ड पेटला. "दिवाळीत सुद्धा एवढे दिवे बघितले नव्हते मी." कराड, सातारा, चिपळूण. गिरण्यांमधली माणसं, ज्यांचं सगळं गणगोत तिकडं, ती कुठून कुठून फोन शोधून बोलत होती. पलीकडून उत्तर येत नव्हतं. "नाही लागत" हे ती त्या पहाटे किती वेळा म्हणाली त्याची मोजदाद नव्हती. पावणेदोनशेच्या आसपास माणसं त्यात गेली. पाळी सहाला संपली, पण कुणीच उठलं नाही. दुपारी बारापर्यंत बसल्या सगळ्या. पानशेत फुटलं तेव्हाही, १२ जुलै १९६१ला, असंच पुणं पुणं चाललं होतं, पण ते दिवसाढवळ्या. अंधारातलं वेगळं, म्हणायची.

आणि दुसरी गोष्ट एका माणसाची. ही तिनं मला उभ्या आयुष्यात दोनदा सांगितली, दोन्ही वेळा शब्द तेच. रात्री दोननंतर एकानं कोल्हापूरला लाइटनिंग कॉल बुक केला. पी. पी. एका बाईच्या नावानं. लाइन लागली, बाई फोनवर आल्या, आत्यानं म्हटलं "बोला" आणि बाजूला झाली. कुणीच बोललं नाही. लाइन तुटली वाटून तिनं कान दिला. दोन्हीकडचे श्वास ऐकू येत होते. तीन मिनिटं झाली. आठपट पैसे मोजून गप्प बसलेला माणूस. तिनं नियमाप्रमाणं विचारलं, "एक्स्टेंड करू?"

"करा," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. केलं."

"आणि पुढे?"

"पुढे मी बाजूला झाले."

१९६८च्या १९ सप्टेंबरला केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा एक दिवसाचा संप झाला, सरकारनं वटहुकूम काढला होता तरी झाला, आणि आत्या त्यात होती. एक दिवसाचा पगार गेला. हे ती निवृत्तीपर्यंत छाती काढून सांगायची, आणि सांगून झाल्यावर गेलेल्या पगाराची रक्कमही सांगायची, पैशांसकट.

पुढे काम बदलत गेलं. एस. टी. डी. गावोगाव पोचली, माणसं आपले आपण नंबर फिरवू लागली, बोर्डावरचे दिवे कमी झाले. १९८६ला मुंबईचे टेलिफोन महानगर टेलिफोन निगमकडे गेले. तिला चौकशीच्या खिडकीसारखं काहीतरी काम मिळालं, दिवसपाळी. ती वर्षं तिनं रेटली. १९९५ला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. त्याच वर्षी देशात मोबाइल आला. मी तिला त्यातला योगायोग दाखवायला गेले, तर म्हणाली, "त्याला काय ऑपरेटर लागत नाही म्हणे. मग नंबर चुकला तर माणूस शिव्या कुणाला घालणार?"

म्हातारपणीची आत्या हळवी झाली असेल असं कुणाला वाटत असेल तर नाही झाली. हट्टी होती, कंजूस होती, भाचरांना वाढदिवसाला अकरा रुपये द्यायची ते २०२४ साली सुद्धा अकराच. पिझ्झा मागवायला पोरांनी तिच्या हातात फोन दिला तर ती आडनावाचं स्पेलिंग गावांवरून सांगायची, "डी फॉर डेल्ही, एम फॉर मद्रास." पलीकडचा पोरगा मद्रास म्हणजे काय विचारायचा. व्हिडिओ कॉल घ्यायची नाही. "तोंड बघून बोलायचं तर घरी ये. फोन हा कानाचा आहे."

मग २०२०चा लॉकडाऊन आला. ती ८३ वर्षांची, तिसऱ्या मजल्यावर एकटी. आम्ही मुलुंड-बोरिवलीत हातपाय गाळून बसलो. दोन दिवस रोज चार-चार फोन केले, तिसऱ्या दिवशी तिनंच सुनावलं, "लाइन अडवून ठेवू नका. मला कामं आहेत." कसली कामं? नंतर कळलं. चाळीत आणि शेजारच्या दोन चाळींत मिळून एकटीदुकटी राहणारी तेवीस म्हातारी माणसं होती. आत्यानं त्यांचे नंबर डॉक्टरांच्या मुलाकडून मिळवले आणि वहीत उतरवले. रोज सकाळी नऊला बसायची. एकेकाला फोन. झोप लागली? गोळी घेतली? दूध आलं? काय संपलंय? तीन मिनिटं. "बरं, ठेवते." वहीत खूण. संपलेल्या औषधांची यादी साडेदहाला चाळीतल्या पोरांना. गट पाडून एक दिवसाआड, असं नाही, रोज तेवीस. जो फोन उचलणार नाही त्याला दहा मिनिटांनी पुन्हा, आणि तरीही नाही उचलला तर वरच्या मजल्यावरून कुणाला तरी दार वाजवायला धाडणं. एका आजोबांना त्यामुळे मोरीत पडलेले असताना वेळेत उचलता आलं.

जूनपर्यंत चाललं हे. त्या वहीची पानं मी पाहिली. वर तारीख, डाव्या हाताला खोली नंबर, उजवीकडे बारीक अक्षरांत "ठीक", "ठीक", "रडत होत्या", "ठीक", "मिठाची गोळी नको म्हणतात", "ठीक". तिकिटं लिहिण्याची ती जुनी वळणदार लिपी. मला तर वाटतं, १९८६नंतर तिला पुन्हा तिचा बोर्ड मिळाला होता. मी तसं म्हटलं तेव्हा ती चिडली. "काहीतरीच. तेव्हा पगार मिळायचा."

शेवटच्या दोन वर्षांत ऐकू कमी येऊ लागलं. यंत्र आणलं, ते डबीत राहिलं. फोनवर आपणच ओरडायचं आणि तिनं आपल्याला जे सांगायचं ते सांगून ठेवून द्यायचं, असा व्यवहार सुरू झाला. गेल्या श्रावणात एका पहाटे ती झोपेतच गेली. डबेवाल्या काकूंच्या सुनेनं दार वाजवलं, मग आम्हाला फोन केला. किती वेळ बोलली ते मी पाहिलं नाही.

चंदनवाडीला विद्युतदाहिनीत सगळं उरकायला दहा वाजले. पाऊस भुरभुरत होता. काका आणि बाकीची मंडळी गाड्यांकडे गेली, घरी जाऊन अंघोळी करायच्या होत्या. बाबा मात्र फाटकातून बाहेर पडले ते उलट्या बाजूला चालू लागले, धोबीतलावाकडे. ८३ वर्षांचा माणूस, हातात काठी, छत्री उघडायचं भान नाही. मी मागून धावले. "बाबा, कुठे?" उत्तर नाही. क्यानीच्या पायरीशी थांबले. ओल्या चपला पायपुसण्यावर घासत राहिले.

"अंघोळ नाही केलेली आपण," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"इथे आला होतात का तिच्याबरोबर कधी?"

"नाही. एकट्यानं सुद्धा नाही. गिरगावात लहानाचा मोठा झालो, पण आत कधी आलो नाही." थोडं थांबून म्हणाले, "तिची जागा होती ती. आपण कशाला."

दाराकडे तोंड असलेल्या त्या टेबलाशी एक मुलगा लॅपटॉप उघडून बसला होता. आम्ही त्याच्या शेजारी बसलो. बाबांनी दोन चहा आणि दोन बन मस्का मागवले. बन चहात बुडवायला गेले तो अर्धा कपातच तुटला, चमच्यानं काढून खाल्ला. रस्त्यावर छत्र्याच छत्र्या होत्या, सगळ्या चर्चगेटच्या दिशेनं.

बिल मी देत होते. बाबांनी माझा हात बाजूला केला, खिशातून नोट काढली आणि परत आलेले सुटे पैसे दोनदा मोजून घेतले.